दुनळीला गंज लागू नये

एका गावात एक भोळा गडी होता. नाव फागोजी. पण त्याच्याआधी गिरणीचं सांगायला हवं, कारण बोभाटा तिथून झाला.

पोळ्याच्या करीचा दिवस होता. सकाळपासून लाइट गेलेली. गिरणीत आठ-दहा बाया आपापल्या डब्यांवर बसून लाइटीची वाट पाहत होत्या. त्यांत सगुणाबाई लांजेवार होती. पायाशी गव्हाचा डबा आणि काखेत शेजारच्या गोदाकाकूंचं एक भांडं. परत द्यायचं म्हणून निघाली होती, म्हणजे पंधरा दिवसांपासून निघालेलीच होती.

तेवढ्यात कचराबाई धापा टाकत आली.

"अवो बायांनो, आयकलं काय? दाजीसाहेबाच्या फागोजीनं त्या तालुक्याच्या सायबाले बंदुकीच्या..."

नेमकी लाइट आली. गिरणीवाल्यानं बटण दाबलं आणि पट्टा फिरला. कचराबाईचं तोंड पुढंही चालूच होतं, पण कोणाला अक्षर ऐकू येईना. हात मात्र दिसले. तिनं हातभर लांब काहीतरी दाखवलं. मग दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले. फट्!

बायांना तेवढं पुरलं.

"गोळीनं!" एक ओरडली.

"दुनळी हाय वो ती. दोन गोळ्या लागल्या असतीन!" दुसरी ओरडली.

सगुणाबाईनं गहू तिथंच टाकले आणि ते भांडं काखेत घट्ट धरून ती पळत सुटली. दाजीसाहेबांचं घर तिच्या घराला लागून, गावाच्या पार त्या टोकाला. ती पोचेपर्यंत आधी काय काय झालं ते सांगून होईल.

दाजीसाहेब डोंगरवारांकडे चार जुन्या बंदुका होत्या. चारही शौकाच्या. एकही उडत नव्हती. आतली कळ काढून टाकलेली होती आणि तसा सरकारी शिक्क्याचा कागद भिंतीवर काचेत लावलेला होता. चारांत मोलाची एक, दाजीसाहेबांच्या वडिलांची, बळवंतरावांची दुनळी. दोन नळ्यांची, बाजूला चांदीचा मोर काढलेली. दाजीसाहेबांचा जीव तिच्यात होता. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. मोर आता त्यांना बोटांनीच दिसायचा.

तालुक्याच्या गावी नवं संग्रहालय निघालं होतं. दाजीसाहेबांनी तिथं अर्ज केला आणि एक दिवस उत्तर आलं. पत्र वाचायला सगुणाबाईला बोलावलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. शिवाय बोलावलं नसतं तरी ती आलीच असती.

तिनं मोठ्यानं वाचलं, "आपली बंदूक संग्रहालयात ठेवण्यास व तिच्याखाली आपल्या वडिलांचे नाव लिहिण्यास आम्हांस आनंद वाटेल. तथापि बंदुकीस गंज लागलेला नसावा. तसे आढळल्यास स्वीकारता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहणीसाठी येत आहे. आपला, वासेकर."

गंज या शब्दापाशी सगुणाबाई जराशी अडखळली. त्या मुलखात लोखंडाला लागतो तो जंग. गंज म्हणजे भात शिजवायचं भांडं, पितळेचं नाही तर जर्मनचं. पण पत्र दुसऱ्याचं. आपण कशाला मध्ये बोला?

दाजीसाहेब मात्र शहरात शिकलेले. त्यांना तो शब्द भारदस्त वाटला. त्यांनी फागोजीला हाक मारली.

फागोजी चाळिशीचा होता. अंगानं दणकट, मनानं लोण्यासारखा. सांगितलेलं काम तो कधी विसरला नाही. लोकांचे गडी विसरतात म्हणून लोक रडतात. दाजीसाहेबांची रड उलटी होती.

"आयकलं का फागोजी? दुनळीला गंज लागता कामा नये. पंधरा दिवस ही जबाबदारी तुझी. गंज लागला तं माझ्या बापाचं नाव गेलं समज."

"हो जी. ध्यानात आलं जी."

ध्यानात त्याच्या खरंच आलं होतं. तीच तर अडचण होती.

त्यानं बंदुकांचं कपाट पाहिलं. सागवानी, पुरुषभर उंच. मग भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर पाहिलं. मध्ये फक्त एक भिंत. त्यानं स्वयंपाकघरातले नऊच्या नऊ गंज एकात एक घातले, डोक्यावर घेतले आणि सगुणाबाईच्या अंगणात नेऊन ठेवले.

"एवढे गंज काहून आणले रे?"

"लागू द्यायचे नाहीत जी."

सगुणाबाईनं पुढं विचारलं नाही. त्यांतला एक पितळेचा गंज फार चांगला होता. खिरीजोगा.

इकडे दाजीसाहेबांच्या पत्नी, गोदाकाकू, चुलीपुढं धुतलेले तांदूळ ओंजळीत धरून उभ्या.

"फागोजी! गंज कुठं गेले रे?"

"काळजी नका करू बाई. एकही लागू देल्ला नाही."

दाजीसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे बावा, हा गंज म्हणजे जंग! लोखंड ओलं राहिलं की लागतो तो. भांड्याचं काय घेऊन बसला? मोलाची वस्तू ओली दिसली की आधी फडक्यानं पुसायची. कोरडीठक्क करायची. मग वरून तेलाचा हात फिरवायचा. लोखंडाला मशीनचं तेल, लाकडाला जवसाचं."

"हो जी. आता ध्यानात आलं जी."

आठ गंज परत आले. नववा सगुणाबाईकडे राहिला, खीर व्हायची होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी दाजीसाहेब रिमझिम पावसातून फिरून आले आणि चष्मा ओसरीवर काढून ठेवला. फागोजीनं पाहिलं, चष्मा मोलाचा, चष्मा ओला. त्यानं तो पुसला, कोरडाठक्क केला आणि दोन्ही काचांवरून मशीनच्या तेलाचा हात फिरवला. दांड्यांनाही सोडलं नाही.

दाजीसाहेबांनी चष्मा चढवला आणि मटकन खाली बसले.

"गोदा, अवो गोदा! मोतीबिंदू पिकला वो! आता होतं तेवढंही गेलं!"

गोदाकाकू धावत आल्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. दाजीसाहेबांना पुन्हा होतं तेवढं दिसू लागलं. दिसल्याबरोबर ते फागोजीवर ओरडले.

"गाढवा, काचेला तेल लावतात काय? अन् हे पाहा, बोटांचे ठसे! मोलाच्या चिजेला उघड्या हातानं शिवायचंच नाही कधी. हाताच्या घामानं डाग पडतात. फडक्यानं धरायची. दुनळीलाही फडक्यानंच धरायचं, समजलं?"

"हो जी. आता ध्यानात आलं जी."

दोन दिवसांनी गोदाकाकूंचा अंगणात पाय घसरला. एका हातात पाण्याची घागर आणि दुसऱ्या हातानं तुळशीचा कट्टा धरून त्या लोंबकळत राहिल्या.

"फागोजी, हात दे रे, हात दे!"

फागोजी धावला. जवळ गेला आणि थांबला. बाई मोलाच्या. हात उघडा. तो तसाच माघारी पळाला. खुंटीवरचं फडकं घेतलं, ते ओलसर वाटलं, म्हणून चुलीवर धरलं. शेकून घेऊन आला तोवर गोदाकाकू चिखलात बसल्या होत्या आणि घागर फाटकापर्यंत गेली होती.

कुंपणावरून सगुणाबाई पाहत होती. "उचल की रे त्यायले! पाहत काय बसला?"

फागोजीनं हाताला फडकं गुंडाळून त्यांना उठवलं. गोदाकाकू त्याला जे बोलल्या त्यातलं सगळं लिहिण्याजोगं नाही. लिहिण्याजोगं एवढंच, "पडलेलं दिसलं की इचारत बसू नको! उचलायचं आणि कोरड्या जागी नेऊन बसवायचं. भिंतीला टेकवू नको, भित्ती ओल्या हायेत."

"हो जी बाई. आता ध्यानात आलं जी."

दुनळीचं मात्र फागोजी अगदी नीट करत होता. रोज फडक्यानं धरायचा, रोज पुसायचा. नळीला मशीनचं तेल, लाकडी दस्त्याला जवसाचं. दाजीसाहेब फडक्यावरून बोटानं चाचपून पाहायचे आणि खूश व्हायचे. एक दिवस खुशीतच म्हणाले, "आणि टोकावरची माशी तेवढी जपजो बावा. ती गेली तं दुनळी आंधळी झाली."

फागोजीनं कपाट उघडून पाहिलं. खरंच, नळीच्या टोकावर एक माशी बसली होती. बरं झालं, जागेवरच होती. ती उडून जाऊ नये म्हणून त्यानं कपाटात बशीत गुळाचा खडा ठेवला. एक माशी काय खाणार? पण जपायचं म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्या, म्हणून रोज नवा खडा ठेवायचा.

चौथ्या दिवशी गोदाकाकूंनी झाडू मारताना कपाट उघडलं. घोंऽऽ करून सगळं घर काळं झालं.

"दाजीसाहेब," फागोजी आनंदानं म्हणाला, "एक जपाची होती, दोनशे झाल्या जी. जपल्यानं वाढते."

दाजीसाहेब कपाटाकडे धावले. त्यांनी फडकं घेऊन दुनळी टोकापासून बुडापर्यंत चाचपली. गूळ बशीतच होता. दुनळी कोरडी होती. मग ते फागोजीकडे वळून म्हणाले,

"अरे, माशी म्हणजे टोकावरचा हा पितळी मणी! ह्याच्यावरून नेम धरतात. गूळ अंगावर सांडला असता तं बळवंतरावांचं नाव मुंग्यांनी खाल्लं असतं. आता नळीचं तोंड बांधून ठेव, आत किडामुंगी जायला नको. कपाटाला कडी घाल. अन् आवाज येवो नाही तं ठोठावो कोणी, मी म्हटल्याशिवाय उघडायचं नाही!"

"हो जी. आता ध्यानात आलं जी."

पोळा झाला. कर उजाडली. दाजीसाहेब पहाटेपासून घायकुतीला आलेले. बैठकीत मधोमध हातांची खुर्ची मांडली. तिच्यावर साहेबांच्या सत्कारासाठी नवी शाल आणि नारळ ठेवला. गोदाकाकू आत वडे तळायला बसल्या. दाजीसाहेब जुना कोट घालायला मागच्या खोलीत निघाले आणि दारातून वळून म्हणाले,

"फागोजी, साहेब आले की मले आवाज देजो. त्यांनी दुनळी मागितली तं कपाट उघड. आज साहेब म्हणजे आपल्याला दुनळीइतकेच मोलाचे. पंधरा दिवस दुनळीला जपलं नं, तसंच साहेबाले जप."

"तसंच जी?"

"अगदी तसंच. काही कमी पडू देऊ नको."

वासेकर साहेब फटफटीवर आले. वाटेत पावसानं झोडपलेलं. टोपीतून पाणी, कोटातून पाणी, चष्म्यातून पाणी. दारात उभे राहिले तर पायाखाली तळं झालं.

फागोजीनं पाहिलं. साहेब मोलाचे, साहेब ओले. ओलं दिसलं की आधी पुसायचं, आवाज मग.

आधी हाताला फडकं गुंडाळलं आणि साहेबांचा दंड धरून त्यांना आत घेतलं. मग पुसायला लागला. डोकं पुसलं, कान पुसले, कानाच्या मागं पुसलं. कोट, सदरा, बूट काढून घेतले आणि कोरडा पंचा दिला. वासेकर साहेब संकोचानं म्हणाले, "अहो, राहू द्या, राहू द्या." पण थंडीनं दात वाजत होते आणि फडकं कोरडं होतं. ते आणखी काही बोलले नाहीत.

कोरडेठक्क झाल्यावर फागोजी तेलाच्या दोन कुप्या घेऊन आला आणि विचारात पडला.

"सायब, तुमी लोखंडाचे का लाकडाचे?"

वासेकर हसले. "आम्ही संग्रहालयवाले, आम्ही लाकडाचेच!"

फागोजीनं खात्री म्हणून त्यांच्या गुडघ्यावर टकटक केलं आणि जवसाचं तेल ओतलं.

वासेकरांची पाठ गेले दोन महिने धरलेली होती. फागोजीचे हात दणकट. साहेबांनी डोळे मिटले. पाहुण्यांना अभ्यंग घालायची ह्या गावची रीत असेल, पोळ्याला बैलांचे खांदे मळतात तसं काही, असं त्यांच्या मनात आलं. फारच सुंदर रीत आहे, असंही आलं.

"बरं, आता ती दुनळी पाहू," ते पंचा गुंडाळत म्हणाले.

फागोजीनं कपाट उघडलं. साहेब कपाटात ओल आहे का ते पाहायला आत वाकले. संग्रहालयाच्या माणसाला ती सवयच असते. फागोजीनं फडक्यानं दुनळी बाहेर काढली. बाकीच्या तीन बंदुका एका कोपऱ्यात होत्या, त्यामुळं आत आता पुरुषभर जागा झाली. मग त्यानं साहेबांच्या तोंडावरून मऊ बनियनचा पट्टा बांधला, आत किडामुंगी जायला नको म्हणून, त्यांना फडक्यात गुंडाळलं, आत सरकवलं आणि कडी घातली. फट्!

खिडकीतून कचराबाई पाहत होती. ती तशीच गिरणीकडे पळाली. बाकीच्या बातमीचं काय झालं ते सांगून झालंच आहे.

आता फागोजीच्या हातात दुनळी राहिली. खाली ठेवावी तर जमीन ओली. भिंतीला टेकवावी तर भिंत ओली. कोरड्या जागी बसवायचं, असं बाईंनी सांगितलेलं. अख्ख्या बैठकीत कोरडी जागा एकच, सत्काराची खुर्ची. त्यानं दुनळीला खुर्चीत बसवलं. गार लागू नये म्हणून शाल पांघरली. नारळ घरंगळू नये म्हणून मांडीवर ठेवला, म्हणजे जिथं मांडी असती तिथं. नळीचं तोंड झाकायचं होतं, म्हणून साहेबांची टोपी पुसून कोरडी केली आणि वर ठेवली.

मग आवाज दिला, "दाजीसाहेब, साहेब आले जी!"

दाजीसाहेब कोट ओढत आले. खुर्चीत त्यांना टोपी दिसली, शाल दिसली. सडसडीत आकृती, ताठ बसलेली. त्यांनी हात जोडले.

"यावं साहेब, यावं. आमची गरिबाची ओसरी पावन झाली."

साहेब काही बोलले नाहीत. छतावरच्या टिनांवर पाऊस ताडताड वाजत होता.

"फागोजी, साहेबांना चहा दे."

"साहेबाले ओलं चालत नाही जी."

"असं का? पथ्य असेल. बरं, बरं."

कपाटातून धप्प असा आवाज आला.

"काय वाजलं रे?"

"सायब हायेत जी. पाय आपटून रायले."

दाजीसाहेबांना वाटलं, साहेब रागावले. बहुतेक दुनळीवर काही डाग पडला. ते खुर्चीपुढं खालीच बसले.

"साहेब, राग नका धरू. काही चुकलं असेल तं मी चुकलो, दुनळी चुकली नाही. एक सांगतो, मग तुम्ही ठरवा. लोक म्हणतात शिकाऱ्याची बंदूक. माझ्या बापानं हिनं जन्मात एक जनावर मारलं नाही, साहेब. अकरा वर्षं माचाणावर बसला. डुकरं धानात शिरली की आभाळाकडं तोंड करून बार काढायचा. एकदा डाव्या नळीचा, एकदा उजव्या नळीचा. डुकरं पळायची. सगळ्या गावाचा धान वाचायचा, आमच्या एकट्याचा नाही. कोणी त्याला कधी बरं केलं म्हटलं नाही. बाराव्या वर्षी ताप आला, अन् माचाणावरच गेला. माणसं नाव विसरतात. लोखंड विसरत नाही. माझे डोळे जायच्या आत तेवढं नाव हिच्याखाली वाचायचं होतं, साहेब. बाकी काही नाही."

कपाट गप्प झालं. पाय आपटणं थांबलं.

साहेब तरीही बोलेनात. दाजीसाहेबांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

नेमकी त्याच वेळी सगुणाबाई धापा टाकत दारात उभी राहिली. काखेत पितळेचा गंज. तिनं आत पाऊल टाकलं आणि फागोजी दोन्ही हात पसरून आडवा आला.

"बाई, गंज आत आणू नका! लागंल!"

"बाजूला हो मुडद्या! सायब कुठं हाय? जिवंत हाय का?" तिनं मान उंच करून बैठकीत पाहिलं. खुर्ची पाहिली. टोपीखालून दोन नळ्या तिच्याकडे पाहत होत्या. "अवो दाजी, तुमी बंदुकीशी काहून बोलून रायले?"

दाजीसाहेबांनी हात पुढं केला. शालीखाली बोटांना मोर लागला. त्यांनी तो पुन्हा चाचपला. मग हळूच म्हणाले, "मले वाटलंच होतं. साहेब फार बारीक हायेत म्हणून."

"मग सायब कुठं हाय?" सगुणाबाई ओरडली.

"कपाटात जी," फागोजी म्हणाला. "कोरडे हायेत."

"उघड!"

"दाजीसाहेब म्हनल्याशिवाय नाही."

"उघड रे बाबा, उघड!" दाजीसाहेब किंचाळले.

फागोजीनं कडी काढली. वासेकर साहेब पंच्यात आणि फडक्यात गुंडाळलेले, तोंड बांधलेले, तेलानं चकचकीत, असे सरळ ताठ बाहेर आले आणि तोंड खाली करून जमिनीवर पडले.

पडलेलं दिसलं की विचारत बसायचं नाही, हे फागोजीच्या ध्यानात होतं. त्यानं ताबडतोब उचललं आणि इकडंतिकडं पाहिलं. पण खुर्ची भरलेली होती. तो साहेबांना कडेवर घेऊन तसाच उभा राहिला.

तोवर अख्खी गिरणी अंगणात येऊन ठेपली होती. पिठानं पांढऱ्या झालेल्या बाया, त्यांच्यामागं निम्मं गाव.

"मेला काय वो?" कोणीतरी विचारलं. "बंदुकीच्या गोळीनं गेला नं?"

सगुणाबाई दारात गेली. असं दारात उभं राहायला मिळणं रोज होत नाही. तिनं पदर सारखा केला.

"'बंदुकीच्या' इथपर्यंत खरं हाय," ती म्हणाली. "त्याच्यापुढं कपाट हाय."

आत गोदाकाकूंनी साहेबांच्या तोंडावरचा पट्टा सोडला. दाजीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आता नाव गेलं.

वासेकर साहेब पहिला शब्द बोलले तो असा, "चहा द्या. मला ओलं चालतं."

दोन कप चहा झाला. मग ते म्हणाले, "कपाट मी आतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओल नाही." मग ते खुर्चीपाशी गेले, वाकून दुनळी दोन्ही बाजूंनी निरखली. "गंजाचा ठिपकाही नाही. आणि बळवंतरावांबद्दल तुम्ही जे टोपीला सांगितलंत, ते सगळं मी ऐकलं आहे."

"मग नाव?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"लिहू. मोठ्या अक्षरांत लिहू. तुम्हाला दिसेल एवढ्या."

दाजीसाहेब फागोजीकडे वळले. त्यांनी फागोजीच्या खांद्यावर हात ठेवला. एक थप्पड मारावी की पाठ थोपटावी, ते त्यांना ठरवता येईना, म्हणून हात तिथंच राहिला.

निघताना साहेब घाईत होते. तेलानं बूट पायात राहत नव्हते आणि फटफटीची मूठ हातात राहत नव्हती. त्यांनी दारातूनच फागोजीला बजावलं,

"हे बघ, आता त्या दुनळीला कोणी हात लावायचा नाही. पुसायचं नाही, तेल लावायचं नाही, हलवायचं नाही. आठ दिवसांनी जीप पाठवतो. आहे तशीच पाठवायची."

"आहे तशीच जी?"

"अगदी आहे तशीच."

"हो जी. आता ध्यानात आलं जी."

साहेब गेले. डोक्याला वारा लागला तेव्हा टोपीची आठवण झाली, पण परत फिरायची त्यांची छाती झाली नाही.

आठ दिवस बैठकीत कोणाला पाऊल टाकता आलं नाही. गोदाकाकूंनी झाडू घेतला की फागोजी आडवा. दाजीसाहेबांनी नारळ तरी काढू म्हटलं की फागोजी आडवा. नवव्या दिवशी जीप आली. फागोजीनं खुर्ची उचलली ती दुनळी, शाल, नारळ, टोपी यांसकट उचलली, जीपच्या मागं ठेवली आणि दोरीनं पक्की बांधली.

"हे असं न्यायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सायबाचा हुकूम हाय," फागोजी म्हणाला. ड्रायव्हर नोकरीतला माणूस. हुकूम म्हटल्यावर त्यानं गाडी सुरू केली.

जीप गिरणीवरून गेली तेव्हा बाया डबे टाकून बाहेर आल्या. मागच्या बाजूला टोपी घातलेला, शाल पांघरलेला एक सडसडीत माणूस ताठ बसला होता. हलत नव्हता, डोलत नव्हता, कोणी हात केला तर हात करत नव्हता. मांडीवर नारळ.

"म्या सांगतलं नव्हतं?" कचराबाईनं तोंडाला पदर लावला. "त्या दिवशी चहा पिला म्हनते. पिला असंल. आज पाहा, सायबाले बंदुकीनं..."

तेवढ्यात गिरणी सुरू झाली. पण या वेळी सगुणाबाई पुढं सरकली आणि पट्ट्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडली,

"अर्धं खरं हाय वो बाई! बंदूक खरी हाय. टोपी सायबाची हाय. मधातला सायब तेवढा नाही!"